एक प्रिंटर, तीन संगणक, तीन रंग: नेटवर्क छपाईत वारंवार येणारा बिघाड कसा शोधावा

लक्षणे

एकाच प्रिंटरला राउटरमार्फत दोन-तीन संगणक जोडलेले असतात. मागच्या खोलीतील संगणकावरून दिलेली लग्नपत्रिका मनासारखी उतरते, पण तीच फाइल काउंटरवरच्या संगणकावरून दिली की गणपतीचा शेंदरी रंग विटकरी होतो, हळदीचा पिवळा मळकट दिसतो आणि फोटोतील चेहऱ्यांवर तांबूस झाक चढते. काल बरोबर आलेले काम आज गडद येते, आणि विचारले तर कोणीही कशाला हात लावलेला नसतो. चकचकीत कागदावरचे काळे अक्षर बोट फिरवताच पुसले जाते, किंवा साध्या कागदावर शाई इतकी मुरते की कागद ओल्या पापडासारखा वर उचलला जातो. लेझर प्रिंटरवर छापलेल्या ३०० जीएसएमच्या (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाच्या) आर्ट कार्डावरील रंग घडी घालताच पापुद्र्यासारखा सुटतो. आपण स्वतः तयार केलेला कागदाचा आकार किंवा प्रकार एका संगणकाच्या यादीत दिसतो आणि दुसऱ्याच्या यादीतून गायब असतो.

यांपैकी दोन लक्षणे एकत्र दिसत असतील, तर शाई बदलण्याचा विचार आधी बाजूला ठेवावा. गडचिरोली जिल्ह्यातील वडसा परिसरात छपाईचे काम करताना स्वतःच्या दुकानात, तसेच ब्रह्मपुरी, लाखांदूर आणि आरमोरी भागातील ओळखीच्या दुकानांत हा बिघाड मी इतक्या वेळा दुरुस्त केला आहे की आता रंगाची झाक पाहून दोष साधारण कुठे असेल याचा अंदाज येतो. दिवाळीनंतर मंडईचे, म्हणजे गावोगावच्या जत्रांचे, दिवस सुरू होतात, झाडीपट्टीतील (पूर्व विदर्भातील) नाटकांची पत्रके छापायला येतात आणि त्यापाठोपाठ लग्नसराई लागते. नेमक्या याच गर्दीत हा बिघाड डोके वर काढतो, कारण एरवी एकच माणूस वापरत असलेला प्रिंटर या काळात तीन-चार हातांत जातो.

तपासणी सुरू करण्यापूर्वी एक गोष्ट समजून घ्यावी लागते. छापील रंग एकट्या शाईचा नसतो; प्रिंटर, शाई, कागद आणि ड्रायव्हरमध्ये (संगणकावरून प्रिंटर चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) निवडलेला कागदाचा प्रकार या चौघांचा मिळून तो असतो. रंग-प्रोफाइल म्हणजे याच चौकडीचे मोजमाप: अमुक आकडा पाठवला असता या कागदावर प्रत्यक्षात कोणता रंग उमटतो, याचा तक्ता. हे तक्ते सगळ्या कंपन्यांच्या यंत्रांना वाचता यावेत म्हणून १९९३ मध्ये आठ कंपन्यांनी मिळून इंटरनॅशनल कलर कन्सॉर्शियम ही संस्था स्थापन केली, आणि म्हणूनच या फाइलींना आयसीसी प्रोफाइल म्हणतात. चौघांपैकी एक जरी बदलला, तरी तो तक्ता त्या छपाईला लागू राहत नाही. नेटवर्कवरील छपाईत प्रिंटर, शाई आणि कागद सर्वांना समान असतात. बदलते ती चौथी गोष्ट, आणि ती प्रत्येक संगणकावर वेगळी साठवलेली असते. ही बाब लक्षात ठेवली, तर पुढील प्रत्येक पायरीचा अर्थ आपोआप लागतो.

आधी बिनखर्चाच्या तपासण्या

पहिली तपासणी प्रिंटरच्या स्वतःच्या बटणांवरून करावी. संगणक मध्ये न आणता नोझल (शाई सोडणारी बारीक छिद्रे) तपासणीचे पान छापावे. हे पान प्रिंटरच्या स्मृतीतून निघत असल्यामुळे त्यावर ड्रायव्हर, प्रोफाइल किंवा नेटवर्क यांचा कोणताही परिणाम होत नाही. रेषा तुटलेल्या असतील तर दोष यंत्रात आहे. रेषा अखंड असतील तर दोष संगणकाच्या किंवा कागदाच्या बाजूला आहे. एका कागदात शोधाचे अर्धे क्षेत्र बाद होते, म्हणून ही पायरी कधीही गाळू नये. रंगाची झाकही बरेच सांगून जाते: निळसर शाई, म्हणजे सायन, बंद पडली असता चित्र लालसर होते, मॅजेंटा बंद पडली असता हिरवट, आणि पिवळी बंद पडली असता निळसर-जांभळे.

रेषा तुटलेल्या असल्यास हेड, म्हणजे ही छिद्रे असलेला भाग, साफ करण्याची आज्ञा द्यावी, परंतु लागोपाठ तीनपेक्षा अधिक वेळा देऊ नये. प्रत्येक सफाईत शाई वाया जाते आणि ती प्रिंटरच्या तळाशी असलेल्या शोषक गादीत साठत जाते. तीन वेळा करूनही रेषा पूर्ण होत नसतील, तर प्रिंटर रात्रभर तसाच ठेवून सकाळी पुन्हा तपासावे. हेडमध्ये अडकलेली हवा वर येण्यास आणि वाळलेली शाई मऊ होण्यास पुष्कळदा तेवढा वेळ पुरतो.

दुसरी तपासणी कागदाची. ग्लॉसी कागदाची छापायची बाजू एकच असते. ओलसर बोटाच्या टोकाने कोपऱ्याला स्पर्श केल्यास लेप असलेली बाजू किंचित चिकट लागते. आपल्या भागात यापेक्षाही महत्त्वाचे कारण म्हणजे कूलर. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे गेला की दुकानात डेझर्ट कूलर सतत सुरू असतो, आणि उघडलेले रिम त्याच्या झोताच्या रेषेत ठेवलेले असते. बाहेर हवा कोरडी ठणठणीत असली, तरी त्या कोपऱ्यातील कागद दमट झालेला असतो. दमट कागदावर इंकजेटची शाई पसरते, आणि लेझर प्रिंटरमध्ये टोनर (रंगाची पूड) कागदावर नीट ओढला न गेल्यामुळे छपाई फिकट व डागाळलेली येते. पावसाळ्यात धानाच्या पट्ट्यातील हवाच ओली असते, तेव्हाही हेच घडते. उरलेला कागद मूळ वेष्टनात घालून, तोंड बंद करून, आडवा ठेवावा, आणि शंका आली की नव्या न फोडलेल्या गड्डीतील एक ताव घालून तीच फाइल छापून पाहावी. एका दुकानात मी दीड तास प्रोफाइल शोधत बसलो होतो आणि दोष कूलरशेजारच्या गड्डीत निघाला. तेव्हापासून कागदाची तपासणी मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो.

तिसरी तपासणी डोळ्यांची आहे. पिवळसर एलईडीखाली पाहिलेला रंग आणि ओसरीच्या सावलीत दिवसाउजेडी पाहिलेला रंग वेगळे दिसतात, विशेषतः राखाडी आणि त्वचेचे रंग. छपाई उद्योगात प्रूफ (नमुना प्रत) पाहण्यासाठी ५००० केल्विनचा प्रकाश प्रमाण मानतात. आपल्याकडे तशी पेटी नसेल तर सकाळी दहा-साडेदहाला दाराजवळच्या सावलीत पाहणे पुरेसे आहे. संगणकाचा पडदा पूर्ण उजेडावर ठेवलेला असेल, तर प्रत्येक छपाई त्याच्या तुलनेत गडदच वाटणार. पांढरा कागद पडद्याशेजारी धरावा आणि पडद्यावरचे कोरे पान त्या कागदाइतकेच उजळ दिसेपर्यंत उजेड कमी करावा. ग्राहक मोबाइलवर दाखवतो तो पोपटी किंवा झगमगता केशरी रंग चार शाईंच्या आवाक्याबाहेरचा असू शकतो, हेही काम घेतानाच स्पष्ट सांगावे. फोटो व्हॉट्सॲपवरून मागवताना तो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगावा, कारण साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो दाबला जातो आणि चेहऱ्यांवरचे बारीक रंगभेद तेथेच पुसले जातात.

आता वेगळेपणा कुठे आहे ते शोधावे

येथपर्यंत दोष सापडला नसेल, तर एकच फाइल, एकच कागद आणि एकच प्रोग्राम वापरून प्रत्येक संगणकावरून एकेक प्रत काढावी आणि मागे पेन्सिलीने संगणकाचे नाव लिहावे. फाइलमध्ये एक चेहरा, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतची राखाडी पट्टी, आणि लाल, हिरवा, निळा, पिवळा यांचे चौकोन असावेत. राखाडी पट्टी सर्वांत प्रामाणिक साक्षीदार आहे; चेहऱ्यावरची झाक नजरेला फसवू शकते, परंतु राखाडीत गुलाबी मिसळलेला असेल तर तो लगेच दिसतो. सर्व प्रती सारख्याच बिघडलेल्या असतील तर दोष समाईक आहे, म्हणजे शाई, कागद किंवा प्रिंटरच्या ट्रेची नोंद यांत आहे. एकच प्रत वेगळी असेल तर तोच संगणक पुढे तपासावा आणि बाकीच्यांना अजिबात हात लावू नये.

त्या संगणकावर सर्वप्रथम प्रिंटरांची यादी उघडावी. लाखांदूर तालुक्यातील एका दुकानातला प्रसंग सांगतो. दुकानदार म्हणाले, "भाऊ, शाई दोनदा बदलून पाह्यली, तरी गणपती विटकरीच येऊन राह्यला." त्यांच्या काउंटरवरील संगणकाच्या यादीत एकाच प्रिंटरच्या दोन नोंदी होत्या; दुसरीच्या नावापुढे 'कॉपी १' असे लिहिलेले होते आणि हिरवी खूण तिच्यावर होती. पहिल्या नोंदीत मॅट कागद, योग्य प्रोफाइल आणि त्यांनी तयार केलेला पत्रिकेचा आकार, सगळे जसेच्या तसे होते. दुसरीत साधा कागद, ए-फोर आकार आणि ड्रायव्हरची स्वतःची रंगदुरुस्ती होती. झाले असे होते की वीज गेली, राउटर पुन्हा सुरू झाला आणि त्याने प्रिंटरला नवा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरील क्रमांक, दिला. जुन्या नोंदीवरून छपाई होईना, म्हणून मदतनीस मुलाने प्रिंटर पुन्हा जोडला, आणि विंडोजने कोऱ्या सेटिंगची नवी नोंद तयार केली. त्या मुलाची यात काहीच चूक नव्हती; छपाई सुरू झाली म्हणजे काम झाले, असेच कोणालाही वाटेल. शाईच्या दोन संचांचा खर्च मात्र व्यर्थ गेला होता.

भारनियमन असलेल्या गावात हे कारण सर्वाधिक वेळा निघते, म्हणून त्याचा कायमचा उपाय सविस्तर देतो. प्रिंटरच्या पॅनेलवरून नेटवर्क स्थितीचे पान छापावे. त्यावर मॅक पत्ता, म्हणजे प्रिंटरच्या त्या जोडणीचा ओळख क्रमांक, असतो. राउटरच्या सेटिंगमध्ये 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' किंवा तत्सम नावाच्या भागात तो मॅक पत्ता टाकून त्याच्यासाठी एक आयपी पत्ता राखून ठेवावा. प्रिंटर केबलने जोडलेला असताना दिसणारा मॅक पत्ता आणि वायफायने जोडलेला असताना दिसणारा मॅक पत्ता वेगवेगळे असतात, त्यामुळे आपण जी जोडणी वापरणार आहोत तिचाच घ्यावा. त्यानंतर प्रत्येक संगणकावर प्रिंटर प्रॉपर्टीजमधील पोर्ट्स (संगणकाने प्रिंटरपर्यंत पोहोचण्याचे मार्ग) हा भाग उघडून 'स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट' तयार करावा आणि त्यात तोच पत्ता द्यावा. पोर्टच्या नावात डब्ल्यूएसडी ही अक्षरे दिसत असतील, तर ती जोडणी विंडोजने आपोआप शोधून केलेली आहे. तिच्या जागी हा पक्का पोर्ट निवडावा. अनावश्यक 'कॉपी' नोंदी काढून टाकाव्यात, आणि विंडोजच्या सेटिंगमधील 'लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर' हा पर्याय बंद करावा, कारण तो सुरू असल्यास शेवटी वापरलेला प्रिंटर आपोआप मुख्य ठरतो. वीज परत आल्यावर आधी राउटर सुरू करून दोनेक मिनिटे थांबावे आणि मगच प्रिंटर सुरू करावा.

कागदाचा प्रकार: नाव एक, परिणाम अनेक

कागदाचा प्रकार ही निवड पुष्कळ जण केवळ नावापुरती समजतात. वस्तुतः त्या एका निवडीवरून इंकजेट प्रिंटर किती शाई सोडायची, एका ओळीवरून हेड किती वेळा फिरवायचे, हेड कागदापासून किती वर ठेवायचे आणि कोणती काळी शाई वापरायची हे ठरवतो. अनेक टँक प्रिंटरांत काळी शाई पिगमेंट (बारीक रंगकणांच्या) प्रकारची आणि इतर तीन डाय (द्रवात विरघळलेल्या रंगाच्या) प्रकारच्या असतात. पिगमेंट काळी साध्या कागदावर ठसठशीत बसते, पण ग्लॉसी लेपात मुरत नाही. म्हणून ग्लॉसी निवडल्यावर असा प्रिंटर तीन रंग मिसळून काळा तयार करतो. ट्रेमध्ये ग्लॉसी आणि ड्रायव्हरमध्ये साधा कागद असेल, तर काळी शाई वर तरंगते आणि बोटाला लागते. उलट निवड केल्यास साध्या कागदावर फोटोइतकी शाई पडते आणि कागद फुगतो.

लेझरमध्ये याच निवडीवरून फ्यूजरचे (टोनर वितळवून कागदावर बसवणाऱ्या भागाचे) तापमान आणि कागद सरकण्याचा वेग ठरतो. जाड कार्डाला अधिक उष्णता आणि कमी वेग लागतो. ३०० जीएसएमचे कार्ड साधा कागद म्हणून गेले, तर टोनर पूर्ण वितळत नाही. नखाने हलके खरवडले तरी तो निघतो. येथे ट्रेची नोंदही तपासावी लागते. कित्येक लेझर यंत्रांत प्रत्येक ट्रेमध्ये कोणता कागद आहे हे पॅनेलवर नोंदवलेले असते. ड्रायव्हरची निवड आणि ट्रेची नोंद जुळली नाही, तर काही यंत्रे थांबून विचारतात आणि काही निमूटपणे ट्रेची नोंद ग्राह्य धरतात. हा दुसरा प्रकार अधिक त्रासदायक असतो, कारण संगणकावर सगळे बरोबर दिसत राहते.

यानंतर विंडोजमधील एक बारीक भेद समजून घ्यावा, कारण माझ्या अनुभवात निम्म्या तक्रारी येथे मिटतात. 'प्रिंटिंग प्रेफरन्सेस' या ठिकाणी केलेली निवड फक्त त्या संगणकावरील त्या वापरकर्त्यापुरती असते. 'प्रिंटर प्रॉपर्टीज'मधील 'ॲडव्हान्स्ड' भागात 'प्रिंटिंग डिफॉल्ट्स' नावाचे बटण आहे. तेथे केलेली निवड त्या नोंदीची मूळ निवड ठरते आणि नव्याने जोडणाऱ्या प्रत्येकाला तीच मिळते. मालकाने प्रेफरन्सेसमध्ये मॅट कागद निवडला आणि प्रिंटर शेअर केला, तरी इतरांना साधाच कागद मिळतो, याचे कारण हेच. डिफॉल्ट्स बदलल्यावर आधीपासून जोडलेल्या संगणकांवरील जोडणी काढून पुन्हा जोडावी, कारण त्यांच्यावर जुनी वैयक्तिक निवड टिकून असू शकते. २०२१ च्या ऑगस्टमधील सुरक्षा अपडेटनंतर शेअर केलेल्या प्रिंटरचा ड्रायव्हर बसवताना विंडोज ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड मागते; ती अडचण आली तर बिघाड समजू नये.

आपल्या मापाचा कागद, उदाहरणार्थ १२ × १८ इंचांचा ताव किंवा पत्रिकेचा खास आकार, 'प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज'मधील 'फॉर्म्स' या भागात नोंदवता येतो. ही नोंद त्या एका संगणकापुरती असते. प्रत्येक संगणक प्रिंटरशी थेट जोडलेला असेल, तर ती प्रत्येकावर करावी, आणि नाव अक्षरशः सारखेच ठेवावे. एकावर 'पत्रिका मोठी' आणि दुसऱ्यावर 'मोठी पत्रिका' असे झाले की पुढे गोंधळ ठरलेला. मोठ्या प्रिंटरांत कागदाचा खास प्रकार प्रिंटरच्याच स्मृतीत नोंदवण्याची सोय असते. मात्र प्रिंटरने नवा कागद शिकला म्हणजे संगणकांना तो कळला असे होत नाही. प्रत्येक ड्रायव्हरमधील माहिती अद्ययावत करण्याचे बटण दाबावे लागते, आणि त्यासाठी पोर्ट्स भागातील दुतर्फा संवादाचा पर्याय सुरू असावा लागतो.

यादीत कागदाचे दोन-तीनच प्रकार दिसत असतील, ग्लॉसी व मॅट दिसतच नसतील, तर बहुधा विंडोजचा सर्वसाधारण ड्रायव्हर बसलेला आहे. त्याच्या नावात 'क्लास ड्रायव्हर' असे शब्द असतात. तो छापतो, पण आपल्या कागदांची पूर्ण यादी त्याला माहीत नसते. प्रिंटर बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून त्याच मॉडेलचा पूर्ण ड्रायव्हर उतरवून बसवावा आणि त्याची फाइल पेनड्राइव्हवर जपून ठेवावी. विंडोज अपडेटमार्फत इतर कंपन्यांचे प्रिंटर ड्रायव्हर पुरवणे टप्प्याटप्प्याने बंद करणार असल्याचे मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्येच जाहीर केलेले आहे, त्यामुळे ही फाइल जवळ असणे यापुढे अधिकच गरजेचे होणार आहे.

रंगाचे रूपांतर एकदाच व्हावे

आता प्रोफाइलकडे वळू. राखाडी पट्टी गुलाबी आणि सगळे चित्र गडद, भडक येत असेल, तर रंगाचे रूपांतर बहुधा दोनदा होत आहे: एकदा प्रोग्राममध्ये आणि पुन्हा ड्रायव्हरमध्ये. एकाच भाजीत दोघांनी मीठ घातल्यासारखे ते होते. फोटोशॉपच्या छपाईच्या खिडकीत 'फोटोशॉप मॅनेजेस कलर्स' आणि 'प्रिंटर मॅनेजेस कलर्स' असे दोन पर्याय असतात. पहिला निवडला, तर त्याखाली आपल्या कागदाचे प्रोफाइल निवडावे आणि ड्रायव्हरमधील रंगदुरुस्ती बंद करावी. इप्सनच्या ड्रायव्हरमध्ये त्यासाठी 'ऑफ' किंवा 'नो कलर ॲडजस्टमेंट' असा पर्याय असतो, तर कॅननच्या बऱ्याच ड्रायव्हरांत रंगाची निवड 'मॅन्युअल' करून 'मॅचिंग' या भागात 'नन' निवडावे लागते. दुसरा पर्याय निवडला, तर ड्रायव्हरची दुरुस्ती सुरू ठेवावी. कोरलड्रॉमध्येही छपाईच्या खिडकीतील 'कलर' भागात रूपांतर कोणी करायचे हे विचारलेले असते; तेथेही नियम तोच.

पत्रिका आणि फोटो यांच्यासाठी प्रोग्रामने रूपांतर करावे, आणि अर्ज, दाखले, पासपोर्ट फोटो अशा रोजच्या कामांसाठी ड्रायव्हरने करावे, अशी माझी पद्धत आहे. ही निवड दर वेळी माणसाच्या लक्षात राहील यावर मात्र मी अवलंबून राहत नाही. एकाच प्रिंटरच्या त्याच पोर्टवर मी मुद्दाम दोन नोंदी तयार करतो, एकीचे नाव 'पत्रिका मॅट' आणि दुसरीचे 'रोजचे साधे', आणि प्रत्येकीच्या प्रिंटिंग डिफॉल्ट्समध्ये कागद, आकार व रंगाची निवड पक्की करून ठेवतो. काउंटरवर बसलेल्याने फक्त नाव निवडायचे असते. दुकान छोटे असेल, तर प्रत्येक संगणक प्रिंटरशी थेट जोडावा असेही माझे मत आहे. शेअर केलेल्या पद्धतीत मुख्य संगणक बंद पडला की सगळ्यांची छपाई थांबते. थेट जोडणीत सेटिंग तीनदा करावे लागते, हे कष्ट मला मान्य आहेत.

प्रोफाइलची फाइल, जिच्या नावाच्या शेवटी आयसीसी किंवा आयसीएम असते, ती रूपांतर जेथे होते त्या संगणकावर असावी लागते. शेअर केलेल्या प्रिंटरच्या 'शेअरिंग' भागात छपाईची तयारी वापरकर्त्याच्या संगणकावर करण्याचा पर्याय असतो, आणि रूपांतर प्रोग्राम करत असेल तेव्हा तर ते नेहमी त्याच संगणकावर होते. म्हणून एका संगणकावर प्रोफाइल बसवून इतरांवर ते आपोआप येईल ही अपेक्षा ठेवू नये. प्रत्येकावर फाइलवर उजवी कळ दाबून 'इन्स्टॉल प्रोफाइल' निवडावे आणि प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडावा. कागद बनवणारी कंपनी प्रोफाइलसोबत ड्रायव्हरमध्ये कागदाचा कोणता प्रकार निवडायचा हेही लिहून देते. ती सूचना पाळली नाही तर प्रोफाइल निरुपयोगी ठरते, कारण ते त्याच शाईप्रमाणावर मोजलेले असते. मूळ शाईऐवजी दुसरी भरली असेल, तरीही तेच. यादीतून निवडताना पडद्याचे प्रोफाइल चुकून प्रिंटरसाठी निवडलेले नाही ना, हेही पाहावे. एका फोटोवाल्यांच्या संगणकावर तीन महिने हेच सुरू होते.

जुन्या फाइलींविषयी एक इशारा द्यावासा वाटतो. काही प्रोग्राम छपाईच्या निवडी फाइलसोबतच साठवून ठेवतात. गेल्या वर्षीची पत्रिका उघडून नावे बदलली आणि थेट छापली, तर गेल्या वर्षीचा कागद आणि गेल्या वर्षीची रंगनिवडही तिच्यासोबत परत येऊ शकते. म्हणून मोठी छपाई देण्यापूर्वी खिडकी उघडून निवडी पाहाव्यात आणि एक प्रत काढून ओसरीत नेऊन पाहावी.

येथे थांबावे आणि जाणकाराला बोलवावे

शाईची शोषक गादी भरल्याचा संदेश आल्यास पुढे छापू नये. गादी बदलणे आणि तिची मोजणी शून्यावर आणणे हे सेवा केंद्राचे काम आहे. केवळ मोजणी पुसणारे प्रोग्राम वापरले, तर भरलेली गादी तशीच राहते आणि शाई टेबलावर उतरते. तीन सफाया आणि एका रात्रीनंतरही नोझल बंद असेल, तर हेड उघडून पाणी किंवा इतर द्रव घालू नये. लेझरमधील फ्यूजर, ड्रम आणि ट्रान्सफर बेल्ट यांना हात लावू नये. फ्यूजर दीडशे अंशांहून अधिक तापतो आणि आत उच्च दाबाची वीज असते. यंत्राच्या धातूच्या भागाला हात लागताच झिणझिण्या येत असतील, तर प्लग काढून आधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे. लेझर प्रिंटर घरगुती इन्व्हर्टरवर चालवू नये. फ्यूजर तापताना तो एकदम खूप वीज ओढतो.

सर्व संगणकांवरून सारखाच पण चुकीचा रंग येत असेल आणि कागद, शाई, नोझल व निवडी बरोबर असतील, तर आपल्या शाई-कागदाच्या जोडीचे स्वतंत्र प्रोफाइल करून घ्यावे लागते. त्यासाठी स्पेक्ट्रोफोटोमीटर हे रंग मोजणारे उपकरण लागते, आणि ते एका दुकानासाठी विकत घेणे मला परवडणारे वाटत नाही. असे प्रोफाइल करून देणाऱ्याकडून ते करून घ्यावे. तो रंगचौकोनांची फाइल पाठवतो. ती कोणतेही रूपांतर न करता, नेहमीच्याच कागद-निवडीने छापावी लागते. फोटोशॉपमध्ये २०१० च्या आवृत्तीपासून बिनरूपांतर छपाईचा पर्याय काढून टाकलेला असल्याने ॲडोबचा कलर प्रिंटर युटिलिटी हा स्वतंत्र प्रोग्राम वापरावा. छापलेला तक्ता एक दिवस वाळू द्यावा आणि मधे पुठ्ठा घालून सपाट पाठवावा.

नागपूरहून तंत्रज्ञ बोलवायचा झाल्यास येण्याजाण्याचा खर्च आपल्यावर पडतो, त्यामुळे त्याला फोन करण्यापूर्वी चार गोष्टी हाताशी ठेवाव्यात: नोझल तपासणीचे ताजे पान, मागे संगणकाचे नाव लिहिलेल्या चाचणी प्रती, नेटवर्क स्थितीचे पान, आणि प्रत्येक संगणकावरील ड्रायव्हरच्या निवडींचे मोबाइलवर काढलेले फोटो. हे फोटो आधी पाठवले असता, त्याला गाडीत बसण्याची गरज न पडता काम फोनवरच मिटल्याचे मी अनेकदा पाहिले आहे. माझ्या दुकानात प्रिंटरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर आयपी पत्ता, दोन्ही नोंदींची नावे, प्रत्येकीचा कागद, प्रोफाइलचे नाव आणि शाई भरल्याची तारीख लिहिलेली असते, आणि शाई बदलली की शेवटची ओळ नव्याने लिहिली जाते.